रात्री सांगली केंद्र फाटते ते का, आणि दूरची केंद्रे ऐकावीत कशी

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी पुढील प्रश्न विचारला आहे. त्यांच्या घरच्या ट्रान्झिस्टरवर आकाशवाणीचे सांगली केंद्र दिवसभर स्वच्छ लागते. परंतु दिवेलागण झाली की आवाज कधी भरून येतो, कधी विरून जातो, मध्येच निवेदकाचे बोलणे घशात काही अडकल्यासारखे फाटते आणि खालून कुठल्यातरी दुसऱ्या भाषेतले केंद्र डोके वर काढते. त्यांनी दोन ठिकाणी रेडिओ दाखवला. एका ठिकाणी आतले आयएफटी, म्हणजे केंद्रे वेगळी करणाऱ्या छोट्या गुंडाळ्यांचे स्क्रू, फिरवून देण्यात आले, दुसऱ्या ठिकाणी नवा रेडिओ घेण्याचा सल्ला मिळाला. नवा घेतला, तर तोही रात्री तसाच वागतो. दिवसा मुळीच न लागणारी दिल्ली, चेन्नई, हैदराबाद ही केंद्रे मात्र त्याच रेडिओवर रात्री लागतात, तेव्हा ती नीट ऐकण्याची काही रीत आहे काय, असेही त्यांनी विचारले आहे.

मी बेळगावात पस्तीस वर्षे रेडिओ दुरुस्त करीत आलो आहे आणि रात्री मध्यम लहरी, म्हणजे मीडियम वेव्ह, ऐकण्याचा छंद मला त्याही आधीपासूनचा आहे. या सीमाभागात हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. येथील अनेक घरांत मराठी बातम्या, भजने आणि श्रुतिका ऐकायच्या त्या सांगली, पुणे आणि मुंबई केंद्रांवरूनच, ही सवय दोन-तीन पिढ्यांची आहे. म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

निर्णय आधी सांगतो. आपल्या जुन्या रेडिओत दोष नव्हता आणि नव्यातही नाही. आपले गाव सांगलीपासून अशा अंतरावर आहे की रात्री त्या एकाच केंद्राच्या दोन लहरी, दोन वेगळ्या वाटांनी, जवळपास सारख्या जोराने आपल्यापर्यंत पोहोचतात आणि एकमेकींशी झगडतात. म्हणून अधिक जोरकस रेडिओ किंवा लांब तार लावून हा त्रास जात नाही, कारण त्याने दोन्ही लहरी सारख्याच वाढतात. नको असलेले कमी करणे, हाच येथे मार्ग आहे, आणि पुढचे सर्व उपाय त्याच दिशेचे आहेत.

मध्यम लहरींचा पट्टा ५३१ पासून १६०२ किलोहर्ट्झपर्यंतचा. प्रक्षेपकाच्या मनोऱ्यातून निघालेली लहर एक तर जमिनीच्या अंगाने सरकत येते, तिला भूलहर म्हणू. दुसरी वर आकाशात जाते. जमिनीपासून सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवर सूर्यप्रकाशाने तयार होणारा ‘डी’ थर असतो. दिवसा तो वर जाणाऱ्या मध्यम लहरी जवळजवळ पूर्ण गिळून टाकतो, त्यामुळे दिवसा आपल्याला मिळते ती फक्त भूलहर. सूर्य मावळला की हा थर झपाट्याने विरतो आणि वर गेलेली लहर त्याच्याही वरच्या ‘ई’ किंवा ‘एफ’ थरापर्यंत पोहोचून, तेथून वळून पुन्हा जमिनीवर उतरते. ही आकाशलहर. दिल्ली आणि चेन्नई रात्री आपल्याकडे येतात ती हिच्या बळावर, आणि सांगली बिघडते तीही हिच्यामुळेच.

आता आपल्या गावापुरता हिशेब मांडून पाहू. खानापूरहून सांगली सरळ उत्तरेला, हवाई अंतराने सुमारे १३५ किलोमीटर. भूलहर हे अंतर थेट कापते. आकाशलहर २५० किलोमीटर उंचीवरून परतली असे धरले, तर तिला वर जाऊन खाली येईपर्यंत सुमारे ५१८ किलोमीटर पडतात. म्हणजे ती ३८३ किलोमीटर जादा चालते आणि भूलहरीपेक्षा साधारण १.३ मिलिसेकंद उशिरा पोहोचते. सांगलीची कंप्रता १२५१ किलोहर्ट्झ, म्हणजे लहरीची लांबी २४० मीटरच्या आसपास. दोन लहरींच्या वाटांमधला फरक १२० मीटरने, म्हणजे अर्ध्या लहरीने बदलला, की आतापर्यंत एकमेकींना साथ देणाऱ्या लहरी एकमेकींना खोडू लागतात. आणि वाटेत १२० मीटरचा फरक पडायला आकाशातला तो थर किती हलावा लागतो? सुमारे ६० मीटर. अडीचशे किलोमीटर उंचीवरची, वाऱ्यासारखी सतत हेलकावणारी वस्तू ६० मीटर वर-खाली व्हायला काय वेळ लागणार? मिनिटा-दोन मिनिटांत आवाज भरतो आणि ओसरतो, तो यामुळे.

बोलणे फाटते, चिरके होते, याचे कारणही याच हिशेबात दडलेले आहे. केंद्राचे प्रक्षेपण म्हणजे एकच कंप्रता नसते. मध्यभागी वाहक लहर असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना आवाज वाहून नेणारे दोन पदर पसरलेले असतात. १.३ मिलिसेकंदाच्या अंतराने आलेल्या दोन लहरी एकत्र झाल्या की त्या पसाऱ्यात दर सुमारे ८०० हर्ट्झवर एक खड्डा पडतो, आणि थर हलेल तसे हे खड्डे एका बाजूकडून दुसरीकडे सरकत राहतात. खड्डा बाजूच्या पदरात असेल तेव्हा आवाज थोडा पोकळ लागतो, इतकेच. तोच खड्डा नेमका वाहक लहरीवर आला की मात्र साध्या रेडिओची पंचाईत होते, कारण त्याच्यातला डायोड वाहक लहरीच्या आधारानेच आवाज वेगळा काढतो. आधारच खचला की उरलेले पदर एकमेकांवर आदळतात आणि आपल्याला तो घोगरा, फाटलेला आवाज ऐकू येतो. कान देऊन ऐकलेत तर लक्षात येईल की आवाज सर्वांत वाईट फाटतो तो तो अगदी बारीक झाल्याच्या क्षणी, आणि आवाज परत भरला की निवेदक पुन्हा स्वच्छ होतो. स्पीकर किंवा आयएफटी बिघडले असते तर तसे झाले नसते. तो दोष दुपारीही जसाच्या तसा राहिला असता.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. आकाशात असा परतवणारा थर असावा, असे केनेली आणि हेविसाइड या दोघांनी १९०२ मध्ये स्वतंत्रपणे मांडले होते. परंतु त्याचा थेट पुरावा मिळाला तो डिसेंबर १९२४ मध्ये, एडवर्ड अ‍ॅपलटन यांच्या प्रयोगातून. त्यांनी बोर्नमथच्या बीबीसी प्रक्षेपकाची कंप्रता थोडी-थोडी बदलायला लावली आणि ऑक्सफर्डला बसून आवाजाचे भरणे-ओसरणे मोजले. बोर्नमथ ते ऑक्सफर्ड हे अंतर सुमारे १२० किलोमीटर, आणि ते मुद्दाम निवडलेले होते, कारण तेवढ्या अंतरावर रात्री भूलहर आणि आकाशलहर तुल्यबळ होतात. म्हणजे आपण आणि सांगली जसे, जवळपास तसेच. अ‍ॅपलटन यांना पुढे १९४७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे कोलकात्यात शिशिरकुमार मित्रा यांनी याच थरांवर आयुष्य घातले. आपल्या घरातला त्रास हा ज्या प्रयोगाने आयनांबर, म्हणजे आकाशातला हा परतवणारा थर, सिद्ध झाले त्याचीच रोजची पुनरावृत्ती आहे, हे कळल्यावर मला स्वतःला त्या खरखरीकडे वेगळ्या आदराने पाहता आले.

हाच त्रास सीमाभागात सर्वत्र सारखा नाही. निपाणी सांगलीपासून निम्म्याहून कमी अंतरावर आहे, शिवाय चिकोडी-निपाणीकडची काळी, ओल धरणारी जमीन भूलहरीला चांगली वाट देते. तेथे रात्रीही भूलहर वरचढ राहते. आपल्या खानापूरकडे जांभा, डोंगर आणि दाट रान. अशा जमिनीत भूलहर लवकर थकते, आणि कंप्रता जितकी जास्त तितकी अधिक लवकर. म्हणून १२५१ वरची सांगली आपल्यापर्यंत येईतो क्षीण होते, तर ५५८ वरची मुंबईची अस्मिता वाहिनी, अंतर तिपटीने असूनही, एखाद्या मोकळ्या माळावर भर दुपारीही पुसट लागते. रात्री तर तिच्याबाबत एक गमतीचा फायदा आहे. चारशे किलोमीटरांवर तिची भूलहर इतकी दुबळी झालेली असते की आकाशलहरीशी झगडायला कोणी उरतच नाही, त्यामुळे रात्रीची मुंबई पुष्कळदा रात्रीच्या सांगलीपेक्षा स्थिर असते. तिचाही आवाज चढतो-उतरतो, पण इतका फाटत नाही. मराठीच ऐकायचे असेल तर रात्री नऊनंतर सांगलीचा हट्ट सोडून ५५८ लावून पाहावे, ही माझी पहिली सूचना.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय फुकटचा आहे आणि बहुतेकांना तो माहीत नसतो : रेडिओ फिरवणे. मध्यम लहरींसाठी ट्रान्झिस्टरमधली उभी टेलिस्कोपिक दांडी काहीच करीत नाही. ती एफएम आणि लघुलहरींसाठी असते. मध्यम लहर पकडतो तो आतला फेराईट रॉड, तपकिरी-काळसर, बोटाएवढा जाड, ज्यावर बारीक तारेचे वेढे असतात. तो बहुधा रेडिओच्या लांबीच्या दिशेने आडवा बसवलेला असतो. या रॉडला बाजूने येणारी लहर उत्तम लागते आणि त्याच्या टोकांच्या दिशेने येणारी जवळजवळ लागतच नाही. मोठा आवाज शोधण्यापेक्षा हे बहिरे टोक वापरायला शिकणे अधिक महत्त्वाचे, कारण आवाज सर्वाधिक होण्याची जागा पसरट असते, तर आवाज नाहीसा होण्याची जागा सुरीच्या धारेसारखी बारीक असते.

आपल्या गावाला भूगोलाने येथे चांगला हात दिला आहे. सांगली उत्तरेला, धारवाड पूर्व-आग्नेयेला सुमारे ५७ किलोमीटरवर, आणि पणजी पश्चिमेला सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर. रेडिओची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की सांगली रॉडच्या बाजूला येते, आणि ७६५ वरचे २०० किलोवॅटचे धारवाड तसेच १२८७ वरची पणजी ही दोन्ही जवळची, बलवान केंद्रे रॉडच्या टोकांकडे जातात. मग डावे-उजवे थोडे थोडे, वीसेक अंशांपर्यंत फिरवत, धारवाड सर्वांत क्षीण होईल ती जागा शोधावी आणि टेबलावर खडूने रेघ मारून ठेवावी. ही खूण दुपारी करून ठेवावी, रात्री नव्हे. दुपारी फक्त भूलहर असल्याने दिशा काटेकोर सापडते. रात्री वरून उतरणारी लहर तिरकी आणि वळण घेतलेली असते, त्यामुळे ती कुठल्याच टोकाला पूर्ण नाहीशी होत नाही. फिरवूनही खालचे दुसरे केंद्र थोडे ऐकू येतच राहिले, तर आपण चुकलात असे समजू नये.

धारवाडची खूण दूरच्या केंद्रांसाठीही उपयोगी आहे. स्वस्त रेडिओत धारवाडसारखे जवळचे बलवान केंद्र आजूबाजूच्या केंद्रांवर सांडते. खूण केलेल्या जागी रेडिओ ठेवला की ७९२ वरचे पुणे आणि ८१९ वरची दिल्ली मोकळी होतात, कारण ती दोन्ही उत्तरेकडची. ७२० वरच्या चेन्नईचे मात्र तसे नाही. खानापूरहून पाहिले तर चेन्नई आणि धारवाड जवळजवळ एकाच रेषेत आहेत. धारवाड बंद केले की चेन्नईही दबते, आणि तेथे रात्रीची आकाशलहर जेवढी चुकवून येईल तेवढीच पदरात पडते.

दुसरा उपाय रेडिओच्या निवडीत आहे. ज्या रेडिओत एकपदरी प्रक्षेपण, म्हणजे एसएसबी ऐकण्याची सोय असते, त्यात वाहक लहर रेडिओ स्वतःच तयार करतो. आकाशातून येणारी वाहक लहर खचली तरी आतली खचत नाही, त्यामुळे तो फाटण्याचा दोष जवळजवळ नाहीसा होतो. आवाजाची चढउतार राहते, पण शब्द कळतात. असा रेडिओ नेमक्या १२५१ वर आणून, खालचा किंवा वरचा पदर निवडावा. ज्या बाजूला शेजारच्या केंद्राचा गलका कमी, तो पदर घ्यावा. एक्सएचडेटा डी-८०८ सारख्या हातात मावणाऱ्या रेडिओतही ही सोय आहे. रुंदी (बँडविड्थ) निवडण्याचे बटण असेल तर रात्री ती ३ किंवा ४ किलोहर्ट्झवर ठेवावी. संगीताची चमक जाते, पण रात्री ऐकू येणारी ती बारीक, कानात शिरणारी शिटी थांबते. ती शिटी म्हणजे शेजारशेजारच्या दोन केंद्रांच्या वाहक लहरींमधला ९ किलोहर्ट्झचा फरक असतो.

या नऊच्या आकड्यावरून एक अगदी साधी चूक सांगतो, जी माझ्याकडे येणाऱ्या डिजिटल रेडिओंत नेहमी दिसते. आपल्याकडे सर्व मध्यम लहरी केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या पायरीवर आहेत, म्हणजे प्रत्येकाच्या आकड्याला ९ ने पूर्ण भाग जातो : ५५८, ७६५, ७९२, १०४४, १२५१. अमेरिकेत ही पायरी १० ची असते. बाहेरून आलेला रेडिओ १० च्या पायरीवर अडकला असेल, तर तो १२५० वर थांबतो, १२५१ वर नाही, आणि आवाज चोवीस तास किंचित फाटका राहतो. पायरी बदलण्याची सोय बहुतेक रेडिओंत असते. नवा रेडिओ घेतल्यावर हे पहिल्यांदा तपासावे.

आता खरखरीविषयी, आणि येथे मी थोडा अधिक थांबणार आहे, कारण आजच्या घरांत निम्म्याहून अधिक त्रास आकाशाचा नसून घरातलाच असतो. सेलवर चालणारा रेडिओ घ्यावा, एका केंद्राशेजारच्या रिकाम्या जागी लावावा आणि घरातला मुख्य स्विच बंद करावा. खरखर लगेच कमी झाली तर दोषी घरात आहे. मग एकेक जोडणी चालू करत जावे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सौर दिव्यांचे चार्जर, सेट-टॉप बॉक्स हे सारे आत वेगाने चालू-बंद होणाऱ्या मंडलांवर चालतात आणि त्यांचा कचरा नेमका मध्यम लहरींत पडतो. नंदगडच्या एका घरी मला बोलावले होते. तेथे रोज संध्याकाळी सात वाजता मुंबई जात असे आणि रात्री साडेनऊला परत येत असे; घरातले सगळे हे आकाशाचेच काम समजत होते. मी रेडिओ हातात घेऊन खोलीखोलीतून फिरलो, तर गुरगुर देव्हाऱ्यापाशी सर्वांत मोठी झाली. संध्याकाळी दिवा लावताना देवाला घातलेली रंगीत एलईडी माळ लावली जाई, आणि झोपताना ती बंद होई. माळेचा अडॅप्टर बदलला आणि त्याच संध्याकाळी आजींनी मुंबईच्या बातम्या ऐकल्या.

रानालगतच्या गावांत आणखी एक आवाज असतो : दर सेकंदाला साधारण एकदा, घड्याळासारखी टिक्. रानडुकरे आणि गवे यांच्यापासून पीक राखण्यासाठी लावलेल्या झटका मशीनचा तो आवाज. मशीन चांगले असले तरी तार एखाद्या ओल्या फांदीला किंवा वाढलेल्या गवताला टेकली की तेथे ठिणगी पडते आणि शेकडो मीटर लांबीची ती तार ठिणगीचा आवाज प्रक्षेपित करते. कुंपणाच्या कडेने रेडिओ घेऊन चालत गेले, की टिक् सर्वांत मोठी जेथे होते तेथे तार टेकलेली सापडते. गवत कापले की रेडिओही सुधारतो आणि कुंपणाचा झटकाही पुरा बसतो. विजेच्या खांबावरची तडकलेली चिनीमातीची भांडी मात्र सलग, दाट करकर करतात. ती उन्हाळ्याच्या शेवटी, धूळ साचल्यावर वाढते आणि पहिल्या जोरदार पावसाने धुऊन निघते. असा खांब सापडला तर स्वतः जवळ न जाता वीज खात्याला त्याचा क्रमांक कळवावा. आणि रात्री वीज गेली की रेडिओ घेऊन बाहेर अंगणात बसावे. सारे गाव अंधारात असते तेव्हा मध्यम लहरींचा पट्टा जसा उमलतो, तसा एरवी कधीच दिसत नाही.

काही केंद्रांच्या शेजारी एकसारखी, न थांबणारी फुसफुस ऐकू आली तर तो दोष समजू नये. आकाशवाणीच्या काही मध्यम लहरी प्रक्षेपकांवर साध्या प्रक्षेपणाबरोबरच शेजारच्या जागेत डीआरएम हे डिजिटल प्रक्षेपणही चालते. साध्या रेडिओला त्याचा अर्थ लागत नाही, म्हणून तो फुसफुस करतो.

दूरची केंद्रे मनापासून ऐकायची असतील, तर चौकटीचा एरियल जरूर करावा. मी लावलेल्या साऱ्या खटाटोपांत खर्चाच्या मानाने सर्वांत मोठा लाभ यानेच दिला. लाकडी पट्ट्यांचा अधिकचिन्हासारखा सांगाडा सुताराकडून करून घ्यावा, ज्यावर ६० सेंटीमीटर बाजूचा चौकोन बसेल. टोकांना खाचा पाडून त्यांत प्लास्टिक आवरणाच्या साध्या तारेचे १० वेढे, दोन वेढ्यांत ६ मिलिमीटर अंतर ठेवून घालावेत. सुमारे २५ मीटर तार लागते. तारेची दोन टोके जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतून काढलेल्या गँगच्या, म्हणजे केंद्र लावण्याच्या फिरत्या कंडेन्सरच्या, एका भागाला जोडावीत. गँगचा तो भाग पूर्ण मिटलेला असताना सुमारे ५०० पिकोफॅरडचा असावा. मग पट्ट्याचा बहुतेक भाग त्यात येतो. रेडिओला कसलीही तार जोडायची नाही. रेडिओ चौकटीजवळ अशा रीतीने ठेवायचा की आतला रॉड चौकटीच्या पृष्ठभागाला काटकोनात राहील. हवे ते केंद्र रेडिओवर लावून गँग सावकाश फिरवावा. एका ठिकाणी आवाज एकदम उसळतो, तेथे थांबावे. चौकटीची कड केंद्राकडे असली की लाभ सर्वाधिक, आणि चौकटीचा चेहरा केंद्राकडे केला की ते केंद्र पुसले जाते. रेडिओ आणि चौकट एकत्रच फिरवायची. चौकटीचा खरा गुण असा की ती हवी ती एकच कंप्रता उचलते, बाकीच्या पट्ट्याला हात लावत नाही. लांब तार नेमके उलट करते. पन्नास फूट तार ट्रान्झिस्टरला गुंडाळली की धारवाड साऱ्या डायलभर पसरते आणि लोक म्हणतात, तार लावल्यापासून बिघडले.

जुना व्हॉल्व्ह रेडिओ असेल तर मात्र त्याला एरियल आणि अर्थिंग, म्हणजे जमिनीशी जोडणारी तार, दोन्ही लागतात. आपल्याकडच्या जांभ्यात अर्थिंग चांगले होत नाही. सळई परसातल्या केळीपाशी, जेथे सांडपाण्याची ओल कायम असते, तेथे खोल ठोकावी. वळवाचे दिवस आले की बाहेरची तार काढून ठेवावी. वीज चमकत असताना बाहेरच्या तारेला जोडलेला रेडिओ ऐकू नये, आणि तारेला हातही लावू नये.

ऋतूविषयी. एप्रिल-मे महिन्यांत रात्री पट्टाभर जो कडकडाट भरलेला असतो, तो आपल्या डोक्यावरच्या ढगांचाच असतो असे नाही. विजांचा कडकडाटही आकाशलहरीने शेकडो किलोमीटरांवरून येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात देशभर वादळे कमी आणि रात्री लांब, म्हणून तो काळ उत्तम. अंधार पूर्वेकडून पसरत येतो, हे ध्यानात ठेवून वेळ निवडावी. चेन्नईला सूर्य आपल्यापेक्षा सुमारे २० ते २५ मिनिटे आधी मावळतो. संध्याकाळी आधी पूर्वेची आणि दक्षिणेची केंद्रे वर येतात : चेन्नई, ७३८ वरचे हैदराबाद, श्रीलंकेतील पुत्तलमहून ८८२ वर भारतीय भाषांत बोलणारे केंद्र. जुनी मंडळी गीतमालेसाठी रात्री जे ‘सिलोन’ लावीत, ते मुख्यतः लघुलहरींवर असे; त्याची वागणूक वेगळी, ती येथे मिसळू नये. पहाटे उलट क्रम असतो. पूर्वेला उजाडले की ती बाजू विझते, आणि पश्चिमेकडच्या आखातातील अरबी-फार्सी केंद्रे, तिकडे अजून अंधार असल्यामुळे, आपल्याकडे तांबडे फुटेपर्यंत रेंगाळतात. रात्री अकराच्या पुढे बहुतेक प्रादेशिक केंद्रांच्या सभा संपतात आणि त्यांच्या खाली दबलेली दूरची केंद्रे मोकळी होतात. १०७१ वरचा राजकोटचा १००० किलोवॅटचा प्रक्षेपक, उत्तर-वायव्येकडे कड धरून चौकट लावली की, ऐकू येतो.

आणखी एक स्थानिक गोष्ट. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारताच्या टोकाजवळून जाते. १९६३ मध्ये थुंबा येथे अग्निबाण तळ उभारला गेला तो त्याच कारणाने. त्याच्या इतक्या जवळ असल्याचा परिणाम असा की आपल्याकडे उत्तर-दक्षिण येणारी मध्यम लहर पूर्व-पश्चिम येणाऱ्या लहरीपेक्षा कमी झिजते. नवशिक्याने म्हणून दिल्लीपासून सुरुवात करावी आणि आखाताच्या मागे लागण्यापूर्वी हात बसू द्यावा.

केंद्र ओळखताना भाषेवर एकट्या विसंबू नये, कारण दिल्लीच्या बातम्या अनेक केंद्रे सहक्षेपित करतात. एका कंप्रतेवर हिंदी बातम्या ऐकू आल्या म्हणजे ती दिल्ली, असे होत नाही. तासाच्या ठोक्याला, किंवा बातम्या संपताच, उद्घोषक केंद्राचे नाव घेतो, तेवढी दोन मिनिटे कान देऊन बसावे. वहीत तारीख, वेळ, कंप्रता, रेडिओ कोणत्या दिशेला होता आणि काय ऐकले, ते त्याच क्षणी लिहावे. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेली नोंद उपयोगाची नसते.

राहता राहिला आपला जुना रेडिओ, ज्याचे आयएफटी फिरवले गेले आहेत. तो टाकू नये. त्या छोट्या पत्र्याच्या डब्यांतले रंगीत स्क्रू कानाने फिरवून पुन्हा जागेवर येत नाहीत; त्यासाठी ४५५ किलोहर्ट्झ देणारा सिग्नल जनरेटर लागतो, आणि तो ज्याच्याकडे आहे अशाच माणसाकडे तो द्यावा. अर्ध्या तासाचे काम आहे. त्यानंतरही ९१० च्या आसपास एक हलकी शिटी ऐकू येईल. ती ४५५ च्या दुपटीची, म्हणजे रेडिओच्या स्वतःच्या आतली असते, आणि ती घालवण्यासाठी कोणाला पुन्हा स्क्रूला हात लावू देऊ नये. दुपारी सांगली पूर्वीसारखी स्वच्छ लागली की रेडिओ जागेवर आला असे समजावे, आणि मग त्याला टेबलावरच्या खडूच्या रेघेवर ठेवून संध्याकाळी साडेसहापासून ऐकायला बसावे.